शेताचा काठ आणि समुद्राचा वाटा

बायबलमधल्या नीतीचा विषय निघाला की बहुतेकांना दहा आज्ञा आठवतात, नाहीतर दुसरा गाल पुढे करण्याचा उपदेश. मला मात्र लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला एक छोटा नियम कित्येक वर्षं अस्वस्थ करत आला आहे. कापणी करताना शेताच्या अगदी कडेपर्यंत विळा चालवायचा नाही. खाली पडलेली कणसं परत फिरून वेचायची नाहीत. द्राक्षमळ्यात गळलेली फळं मालकाने गोळा करायची नाहीत. हे सगळं गरिबासाठी आणि परक्यासाठी तसंच राहू द्यायचं.

याला दान म्हणता येणार नाही. दानात देणारा ठरवतो कुणाला द्यायचं, किती द्यायचं, आणि घेणाऱ्याने मान खाली घालायची. इथे मालकाला निवडीचा अधिकारच ठेवलेला नाही. शेत त्याचं, बियाणं त्याचं, घाम त्याचा. तरी काठावरचं पीक त्याचं नव्हे. गरजू माणूस स्वतः येतो, स्वतः कष्ट करून वेचतो आणि ताठ मानेने घरी जातो. रूथ ही मवाबी, म्हणजे परक्या मुलखातली विधवा, बवाजाच्या शेतात अशीच सरवा वेचायला आली. पुढे तिच्या वंशात दावीद राजा जन्मला आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव घातलं. काठ सोडण्याच्या त्या नियमाने एका परकीला उपाशी मरण्यापासून वाचवलं होतं.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर गव्हाची शेतं नाहीत. पण हा नियम वाचला की मला रापण दिसते. होडीतून जाळं अर्धगोलात टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि गावची माणसं दोन्ही बाजूंनी ते ओढत आणतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, हातांचा. दोराला हात लावलेला म्हातारा किंवा शाळकरी पोरगाही घरच्या कालवणापुरते मासे घेऊन जातो. गाबीत समाजाने आणि त्याच्यासोबत किनाऱ्यावरच्या इतरांनी ही रीत पिढ्यानपिढ्या चालवली, आणि त्यासाठी त्यांना लेवीय पुस्तक वाचावं लागलं नाही. म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या वाचकासमोर हा विषय मांडताना मला संकोच वाटत नाही. जे इथल्या वाळूवर आधीपासून होतं त्याची एका प्राचीन ग्रंथाशी ओळख पटते, एवढंच मी म्हणतो आहे.

रापणीला एक मर्यादा आपोआप होती. जाळं किनाऱ्यापासून जाईल तेवढंच जाणार, माणसांच्या दंडात बळ असेल तेवढंच ओढलं जाणार. समुद्राचा काठ म्हणजे उथळ पाणी माणसाला आणि उरलेला समुद्र माशाला, अशी ती वाटणी होती. यंत्राने ती मोडली. पर्ससीनचं जाळं अख्खा थवा वेढतं, खालून बटव्यासारखं आवळतं आणि तारली असो की बांगडा, सगळा एकाच वेळी वर घेतं. एलईडीवाले रात्री समुद्रात दिवस उजाडवतात. म्हाकूल आणि त्याच्या मागचे मासे उजेडाकडे ओढले जातात आणि वेढले जातात. परप्रांतातले हायस्पीड ट्रॉलर येतात ते वेगळेच. पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं मोर्चे काढत आले, भर समुद्रात झटापटी झाल्या. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या सागरी हद्दीतली पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्या चार महिन्यांपुरती आणली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडीच्या उजेडातल्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावरचा तो पांढरा झगमगाट अनेकांनी पाहिला आहे.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: आमी नाय मारलंव तर दुसरो मारतलो. मी तो हसण्यावारी नेत नाही. कर्ज काढून बोट घेतलेल्या माणसाच्या तोंडी तो खराच असतो; एकट्याने थांबून समुद्र वाचत नाही. पण लेवीय पुस्तकातला नियम नेमक्या याच ठिकाणी शहाणा आहे. तो एखाद्या सज्जन शेतकऱ्याला केलेली विनंती नाही, सगळ्यांना एकदम लागू होणारा कायदा आहे. शेजाऱ्याने काठ कापला तर माझा काठही कापू द्या, अशी सवलत त्यात नाही. सद्गुणाचा सगळा भार एकट्या माणसाच्या खांद्यावर टाकायचा आणि व्यवस्था आहे तशीच ठेवायची, हा प्रवचनांचा जुना दोष त्या नियमात सापडत नाही.

अनुवाद पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आणखी एक आज्ञा येते. वाटेत पक्ष्याचं घरटं दिसलं आणि मादी अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्लं घेतलीत तरी चालेल, आईला जाऊ द्या. खाण्याला मनाई नाही. मनाई आहे ती उद्याच्या पिढीचं मूळच उपटण्याला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतात त्यामागे समुद्र खवळलेला असतो हे कारण आहेच, पण तो अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असतो हेही आहे. ती बंदी म्हणजे आईला सोडून देणंच. २०२३ साली राज्य सरकारने अनेक जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून दिलं, म्हणजे आता पिल्लांनाही संरक्षण मिळालं. जुना करार आणि मत्स्य विभागाचा आदेश यांची भाषा वेगळी, चिंता एकच.

मात्र बायबलमध्ये सगळ्याची उत्तरं तयार आहेत असं म्हणणं खोटेपणाचं होईल. समुद्र रिकामा होऊ शकतो, ही कल्पनाच त्या काळच्या गालीलच्या कोळ्यांना नव्हती. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात जाळ्याचा दाखला आहे. त्यात चांगले मासे टोपलीत जातात आणि वाईट फेकले जातात, फेकलेल्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. लूकच्या पाचव्या अध्यायात तर इतके मासे मिळतात की दोन होड्या बुडायला येतात. हा प्रसंग आमच्याकडे भरभराटीचं वचन म्हणून सांगितला जातो आणि दर वेळी मला वाटतं, पुढचं वाचा. जाळं फाटायला लागलं तेव्हा पेत्राने दुसऱ्या होडीतल्या भागीदारांना खुणेने बोलावून घेतलं. ती मासळी त्याने एकट्याने उचलली नाही. किनाऱ्याला लागल्यावर तर ते सगळं तिथेच टाकून येशूच्या मागे निघाले.

मार्काच्या पहिल्याच अध्यायात एक तपशील आहे, तोही सहसा वाचता वाचता निसटतो. याकोब आणि योहान बापाला होडीत सोडून गेले, तेव्हा जब्दी एकटा राहिला नाही. होडीत रोजावरची माणसं होती. म्हणजे येशूच्या शिष्यांच्या घरी खलाशी होते. आज कोकणातल्या मोठ्या बोटींवर परप्रांतातले आणि नेपाळमधले खलाशी दिसतात, देवगडच्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळी माणसं कुटुंबासकट येतात. शेताचा काठ ज्या परक्यासाठी राखायचा, तो इथे रात्रभर आपला आंबा राखतो. लेवीय पुस्तकाच्या त्याच एकोणिसाव्या अध्यायात पुढे मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये असंही सांगितलं आहे, आणि अनुवाद पुस्तक सूर्य मावळण्याआधी द्या म्हणतं, कारण त्याचा जीव त्या मजुरीवर टेकलेला असतो. मोसम संपताना खलाशाचा हिशेब होतो तेव्हा उचल, रेशन, औषधपाणी वजा जाता हातात काय पडतं, हा प्रश्न चर्चच्या बाकावर बसणाऱ्या बोटमालकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची पद्धत इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात काही चुकतंय असं वाटेनासं झालं आहे.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक दिवसातून पाच वेळा मजूर आणायला बाजारात जातो आणि संध्याकाळी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पहाटेपासून राबलेल्याइतकाच दीनार देतो. हा दाखला देवाच्या कृपेबद्दलचा आहे, मजुरीच्या दराबद्दलचा नाही, हे मला मान्य आहे. पण कृपा समजावण्यासाठी येशूने राजवाडा निवडला नाही, मजुरांचा नाका निवडला. एक दीनार म्हणजे एका घराचा एका दिवसाचा घास. कामाला कुणी घेतलंच नाही म्हणून दिवसभर उभा राहिलेल्या माणसाच्या मुलांनाही रात्री भूक लागते, हे त्या मालकाला ठाऊक होतं.

कर्जाबद्दल थोडक्यात. अनुवाद पुस्तकाचा चोविसावा अध्याय सांगतो की जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तो संसारच गहाण घेणं होतं. आणि गहाण वस्तू घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभं राहावं, तो स्वतः आणून देईल. बचत गटातल्या बाईच्या खळ्यात वसुलीवाला शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो, तेव्हा या नियमातलं अंतर किती विचारपूर्वक ठेवलेलं आहे ते कळतं. कर्ज बुडवा असं तो नियम म्हणत नाही. उंबरठा ओलांडू नका, म्हणतो.

जमिनीचा प्रश्न मात्र थोडक्यात सांगण्यासारखा नाही. पहिल्या राजे पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, कारण तो राजवाड्याला लागून आहे आणि राजाला तिथे भाजीचा मळा करायचा आहे. राजा रास्त मोबदला देऊ करतो: बदल्यात याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख घे. नाबोथ नाही म्हणतो. वाडवडिलांचं वतन आहे, विकायचं नाही. मग राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथ दगडांनी मारला जातो, आणि एलिया संदेष्टा राजाला त्याच मळ्यात गाठतो. सिंधुदुर्गात हे सगळं ओळखीचं वाटावं अशी स्थिती आहे: सामायिक सातबारा, मुंबईतल्या एखाद्या वाटेकऱ्याची सही, कुळांची नावं, मुखत्यारपत्रं, आणि कड्यावरून समुद्र दिसतो म्हणून आलेला गिऱ्हाईक. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सी वर्ल्ड प्रकल्प आखला गेला तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. दोडामार्गात कळण्याच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि लाल पाणी शेतांत, घरांत शिरलं.

तरी नाबोथाची कथा इथे सरळ लावून मोकळं होता येत नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा नाबोथ स्वतःच विकतो, कारण वाड्यात कुणी उरलेलं नाही आणि मुलाचं शिक्षण समोर आहे. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव म्हणतो की जमीन माझी, तुम्ही तिच्यावरचे उपरे. म्हणून ती कायमची विकता येणार नाही. हे ‘विकणे नाही’ची पाटी लावणाऱ्यालाही तितकंच लागू आहे. जमीन राखली पण तिच्यावरून वाहणारा व्हाळ बुजवला, देवराई तोडली, कुळाला हाकललं, तर राखलं काय?

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा प्रश्न धर्मगुरू म्हणून अंगावर घेतला. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून बिल्डर आणि टँकर यांनी वसईच्या वाड्या आणि विहिरी गिळायला सुरुवात केली, तेव्हा ते ‘हरित वसई संरक्षण समिती’तून रस्त्यावर उतरले. त्याच माणसाने पुढे ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. विहिरीच्या पाण्याची लढाई आणि धर्मग्रंथाचं मराठीकरण ही त्यांच्यासाठी एकाच कामाची दोन टोकं होती, असं मला वाटतं. त्यांच्या आधीही मराठीत हा धागा आहे. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांचं दुःख मांडलं, पंडिता रमाबाई दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुलींना केडगावला घेऊन आल्या आणि मूळ भाषा शिकून बायबलचं भाषांतरही करत बसल्या.

याच ग्रंथाच्या नावाने काय घडलं तेही सांगायला हवं. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं आणि १८१२ साली कायमचं गेलं. त्या काळात कितीतरी कुटुंबं सीमा ओलांडून इकडे आली. धर्म बदलला तरी जात बदलली नाही, आणि कोंफ्रारी म्हणवणाऱ्या चर्चमंडळांमध्ये कुणाला प्रवेश हे जातीवरून ठरत राहिलं. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला चांगलंच फटकारलं आहे. तो अध्याय त्या काळीही वाचला जातच होता.

२००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, त्याचं मुख्य चर्च सावंतवाडीचं मिलाग्रिस. संख्येने आम्ही थोडे आहोत. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने सेंट ल्यूक्स हॉस्पिटल चालवलं, गावोगावच्या लोकांनी तिथे उपचार घेतले. येशूच्या दाखल्यात जखमी वाटसरूची शुश्रूषा करणाऱ्या चांगल्या शोमरोनी माणसाचं ते काम होतं. पण शोमरोनी माणूस घाव झाल्यानंतर येतो. काठ सोडण्याचा नियम घावाच्या आधी येतो, आणि तो पाळायला हॉस्पिटल उभारण्याइतका पैसा लागत नाही.

म्हणून उपवासकाळाबद्दल एक सूचना करतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, विशेषतः शुक्रवारी, आम्ही कॅथलिक मांस वर्ज्य करतो आणि मासे खातो. हा काळ फेब्रुवारी ते एप्रिल यांच्या दरम्यान येतो, म्हणजे २०१६ च्या आदेशानुसार पर्ससीन बंद असण्याच्या महिन्यांत. त्या दिवसांत इथल्या हद्दीत पर्ससीनने आणि एलईडीने पकडलेली मासळी बाजारात येत असेल, तर आमच्या शुक्रवारच्या ताटात दुसऱ्याचा वाटा वाढलेला असतो, आणि त्याला आम्ही उपवास म्हणतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाला हा उपवास मान्य नाही. तिथे जोखड सोडणं आणि भुकेल्याबरोबर भाकर वाटून खाणं हाच उपवास सांगितला आहे. उपवासाचे नियम चर्चमध्ये वाचून दाखवतात, त्यातच हेही वाचून दाखवावं: मासे कुणाकडून घ्यायचे, कुठल्या जाळ्याचे आहेत ते विकणारीला कसं विचारायचं, आणि किती लहान बांगडा दिसला तर तो टोपलीतच राहू द्यायचा.