विकतचे परान्न

आमच्या आजीच्या बोलण्यात ‘परान्न’ हा शब्द सहज येई. दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेले ते परान्न. ते जपून घ्यावे, कारण अन्नाबरोबर शिजवणाऱ्याचे मनही पोटात जाते, अशी तिची खात्री होती. चातुर्मासात ती परान्न वर्ज्य मानी. एरवी कोणाकडे दोन घास खाल्लेच, तर त्या घराच्या मिठाला जागे. आज भालकी, बिदर, बसवकल्याण, आळंद, कुठेही पाहा. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी गाड्यावरचे नूडल्स किंवा गोबी मंच्युरियन बांधून घरी येतेच. मुलाला नोकरी लागली की सगळे कुटुंब गाडी करून हैदराबादला जाते आणि एखाद्या थंडगार चिनी किंवा थाई हॉटेलात बसते. हे सगळे परान्नच. पण त्याला कोणी परान्न म्हणत नाही, कारण आपण त्याचे पैसे मोजलेले असतात.

पैसे मोजले की परक्या चुलीवरचे अन्न आपले होते का? आणि शिजवणाऱ्याचे आपल्यावर काही राहत नाही का? प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण गेली काही वर्षे तो माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून इथे मांडते.

‘आशियाई जेवण’ असे शब्द मोठ्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसू लागले तेव्हा मला हसू आले. आशिया आमच्या बिदरात फार पूर्वीच जेवायला बसलेला आहे. पंधराव्या शतकात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली आणि इराण-तुराणचे लोक इथे वसले. महमूद गवान हा गिलानचा. व्यापारी म्हणून आला, वजीर झाला. १४७२ सालचा त्याचा मदरसा आजही उभा आहे. १४८१ साली त्याच दरबाराने त्याचे डोके उडवले, हेही आपल्याच मातीत झाले. पश्चिमेकडून आलेले नान, पुलाव आणि समोसे मात्र इथले होऊन गेले. त्यांना कोणी परके म्हटले नाही.

हैदराबादेत जिला ‘कल्याणी बिर्याणी’ म्हणतात, ती तर आमच्या कल्याणची. सांगतात ते असे: कल्याणच्या नवाबांची हैदराबादेत हवेली होती आणि बिदर भागातून कामाकज्जासाठी शहरात गेलेल्या रयतेला त्या हवेलीत जेवण मिळे. पुढे १९४८ साली संस्थान विलीन झाले, नवाबी गेली, आणि तिथली बिर्याणी बाजारात आली. म्हशीच्या मांसाची, म्हणून स्वस्त. गरिबाची बिर्याणी असे तिचे नाव पडले. काल जे आश्रिताला फुकट मिळत होते, ते आज मजुराने स्वतःच्या पैशांनी घेतले. यात त्याने काय गमावले आणि काय मिळवले? मला वाटते, त्याने फार मोठी गोष्ट मिळवली. जेवून झाल्यावर हात धुऊन, कोणालाही मुजरा न करता उठून जाण्याची मोकळीक.

ही मोकळीक हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडचे जुने लोक हॉटेलच्या जेवणाला नावे ठेवतात आणि पंगतीचे गोडवे गातात. पण पंगत कोणाची होती? बाराव्या शतकात याच कल्याणात बसवण्णांनी दासोह मांडला आणि सर्व धंद्यांच्या शरणांना एका रांगेत बसवले. ते प्रकरण जेवणापर्यंत होते तोवर निभावले; चांभार हरळय्याच्या घरात ब्राह्मण मधुवरसाची मुलगी गेली, तेव्हा कल्याणात रक्त सांडले. पैठणला एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले, ही कथा आपण चारशे वर्षे सांगतो आहोत, याचाच अर्थ ते चारशे वर्षे विशेष राहिले. माणिकनगरला प्रभूंच्या दरबारातला महाप्रसाद, कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचा दासोह, बिदरच्या नानक झिऱ्याचा लंगर, ही आपल्या भागाची खरी श्रीमंती आहे. परंतु गावच्या लग्नात पंगत कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर आणि कोणाची मांडवाबाहेर, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे त्यांना मी वेगळे काय सांगणार? गावातल्या चहाच्या हॉटेलातही एक कप बाहेर खुंटीला अडकवलेला असे. तो कप ज्याचा त्यानेच विसळायचा.

आणि मग नूडल्स आले. गंमत अशी की नूडल्सची जात कोणालाच ठाऊक नव्हती. सोयाबीनचा तो काळा रस सोवळ्यात चालतो की नाही, याचा निर्णय कोणत्याही शास्त्र्याने देऊन ठेवलेला नव्हता. आमच्याकडे आजही ‘लिंगायत खानावळ’ अशी पाटी दिसते. तिचा अर्थ कडक भाकरी, शेंगाचटणी आणि शाकाहार एवढाच आपण घेतो, पण पाटीवर समाजाचे नाव आहे हे खरे. (खानावळ हा शब्द मराठीतून कानडीत गेला आणि कानडी म्हणूनच सुखाने नांदतो आहे, हे जाता जाता.) चायनीजच्या गाड्यावर तशी पाटी लागली नाही. बस स्टँडजवळ चार पोरे एकाच ताटलीत काटे घालून खातात आणि कोणाचे आडनाव काय, हे विचारावे असे कोणाला सुचत नाही. जे संतांना जमले नाही ते कढईने केले, असे मी म्हणणार नाही. पोरे घरी गेली की आडनावे जागच्या जागी असतात. पण तेवढी वीस मिनिटे खोटी नसतात.

दुसरी मोकळीक बायकांची. त्याविषयी पुरुष फार लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. घरची पंगत कितीही प्रेमाची असो, बाई तिच्यात शेवटी बसते. गार भाकरी, भांड्याच्या तळाची भाजी, आणि तेही उठत-बसत. मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने आम्ही हैदराबादच्या एका बड्या चिनी हॉटेलात गेलो, तेव्हा सासूबाई बहात्तर वर्षांच्या होत्या. सूप आले तसा त्यांचा हात आपोआप डावाकडे गेला. त्या सर्वांना वाढू लागल्या. वेटरने हलकेच डाव काढून घेतला आणि म्हणाला, “अम्मा, तुम बैठो.” त्या बसल्या. साऱ्यांबरोबर, साऱ्यांइतकेच गरम खाऊ लागल्या. पदार्थ त्यांना फारसे आवडले नाहीत, मीठ कमी होते. पण परतीच्या वाटेवर हुमनाबादपर्यंत त्या बोलत होत्या त्या ‘बसून जेवल्याच्या’ गोष्टीबद्दल.

त्या दिवशीचे बिल आमच्या महिन्याच्या किराण्याच्या वर गेले. हा उधळेपणा नाही का? उधळेपणाच आहे. पण आपल्या वाडवडिलांनी सावकाराचे कर्ज काढून गावजेवणे घातली, तेव्हा ते अन्न इभ्रतीसाठी होते. हे एका म्हातारीसाठी होते. दोन्हींत मला दुसरे बरे वाटते. खर्चाच्या आकड्यावरून जेवणाची नीती ठरवता येत नाही, ते कोणाला कुठे बसवते यावरून थोडीफार ठरवता येते.

मात्र त्याच टेबलावर एक गोष्ट घडली. जेवण उरकत आले तेव्हा सासूबाईंनी वेटरला विचारले, “तुम खाये क्या?” आपल्याकडे हा प्रश्न नसून नमस्कार आहे. कानडीत ‘ऊट आय्ता?’, मराठीत ‘जेवलात का?’, चिनी लोकही पूर्वापार भेटल्यावर हेच विचारतात म्हणे. तो पोरगा गडबडला. मग म्हणाला, गिऱ्हाईक संपल्यावर साडेअकराला स्टाफचे डाळ-भात असते. इथले काही खाल्लेस का, असे मुलाने विचारले तर हसला. त्या हसण्याचा हिशेब करणे अवघड नव्हते. आमच्या एका वेळच्या बिलात त्याच्या पगाराचे बरेच दिवस बसले असते.

म्हणजे पैशाने जुनी पंगत मोडली खरी, पण नवी मांडलीच. तिच्यात जात विचारत नाहीत, खिसा विचारतात. खिसा बदलू शकतो, जात बदलत नाही, म्हणून नवी पंगत जुनीपेक्षा चांगली, हे मी मान्य करते. पण वाढणारा या पंगतीत कधी बसतच नाही, हे जुन्या पंगतीसारखेच राहिले.

चिनी जेवणाच्या बाबतीत तर हे विसरणे फार मोठ्या मापाने झाले आहे. मंच्युरियन हा पदार्थ चीनच्या मांचुरियात कोणी ओळखत नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात तो जुळवला, असे मानतात. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपल्या फोडणीची मंडळी. त्यांत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि घट्टपणाला मक्याचे पीठ. पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि तो सोमवारी-श्रावणातही चालू लागला. ‘हे काही अस्सल चिनी नव्हे’ असे शहरी जाणकार नाक मुरडून म्हणतात, तेव्हा मला माझी मराठी आठवते. पुण्याचे पाहुणे तिलाही असेच म्हणतात. कानडीने हेल दिला, दखनीने शब्द दिले. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि शेजारचे उस्मानाबाद मुंबई राज्यात. आमच्यासारख्यांनी अस्सलपणाचा आग्रह धरू नये. सरमिसळ ही आमची घरची भाषा आहे.

पण ज्या लोकांमुळे हे जेवण आले, त्यांचे काय झाले? १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीय रहिवाशांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. काहींना अनेक वर्षे. त्यांत मुलेबाळे, म्हातारी माणसे होती. सुटून आले तेव्हा कित्येकांची घरे-दुकाने राहिली नव्हती, पुष्कळ जण देश सोडून गेले. नंतरच्या वीस-तीस वर्षांत त्यांच्या नावाचे जेवण गावोगाव पोहोचले. आपण चवीने खाल्ले आणि देवळीचे नाव मात्र ऐकलेही नाही. पैसे दिले होते ना, मग विचारायचे कशाला?

आता स्वस्त गाड्याकडे येते, कारण माझी खरी अडचण तिथे आहे.

११ मार्च २०२४ रोजी कर्नाटकाचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी जाहीर केली. राज्यभरातून तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत असुरक्षित रंग निघाले होते. बंदी घातलेल्या रंगांत ऱ्होडामिन-बी होता, जो कापड आणि कागद रंगवायला वापरतात. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने गोबी मंच्युरियनवरच बंदी घातली होती. दोन्हींत फरक आहे. कर्नाटकाने रंग हाकलला, म्हापशाने गाडेवाला. मला पहिले शहाणपणाचे वाटते, पण त्यानेही प्रश्न अर्धाच सुटतो. कारण रंग कढईत कोणी टाकला, याचे उत्तर फक्त गाडेवाल्याचा हात एवढेच नाही.

लाल रंगाला चव नाही. तो घालून गाडेवाल्याचा काही पैसाही वाचत नाही. तो लाल करतो, कारण फिके दिसले तर आपण पुढच्या गाड्यावर जातो. आपल्याला ते स्वस्त हवे, झटपट हवे आणि मोठ्या हॉटेलच्या फोटोसारखे दिसायलाही हवे. रंगाच्या डबीचे गिऱ्हाईक आपण आहोत, तो फक्त मधला माणूस. मात्र म्हणून त्याला सोडून द्यावे असे नाही. आमच्या कोपऱ्यावरचा गाडेवाला रात्री दहाला गॅस बंद करतो आणि गाड्यामागे स्टूल ओढून डबा उघडतो. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. तो तिला पुंडी पल्ले म्हणतो. कढईत शिल्लक असले तरी तो त्यातले खात नाही. त्याच्या पोरीलाही मी कधी तिथले खाताना पाहिले नाही. ती येते, बापाच्या डब्यातला तुकडा मोडून घेते. बड्या हॉटेलातला पोरगा तिथले जेवण खाऊ शकत नव्हता, कारण ते त्याच्या ऐपतीबाहेर होते. हा खाऊ शकतो, पण खात नाही. मला हे दुसरे अधिक बोचते. जे आपल्या लेकराला देणार नाही ते दुसऱ्याच्या लेकराला विकणे, आणि विकत घेणाऱ्याने ते ओळखून गप्प बसणे, यात आजीचे परान्न कुठल्या कुठे राहिले. मन पोटात जाते, हे ती म्हणे ते जर खरे असेल, तर आपल्या पोटात त्याचे कोणते मन जात असेल?

मी त्याला एकदा सरळ विचारले. तो रागावला नाही. म्हणाला, “अक्का, तुम्ही लाल मागता म्हणून. मी तर रोज त्या तेलाच्या वाफेत असतो, मला वासच नको वाटतो.” यात अर्धे खरे होते आणि अर्धे मला बरे वाटावे म्हणून असावे. गेल्या वर्षीपासून त्याने गाड्यावर कानडीत आणि खाली मराठीत एक ओळ लिहिली आहे, ‘रंग घालत नाही’. मराठीत एक काना चुकला आहे. आता मंच्युरियन तपकिरी निघते, भजीच्या जवळपास. धंदा थोडा बसला, असे तो सांगतो. खरे-खोटे मी मोजलेले नाही. शनिवारी मी दोन प्लेट घेते. शेजारच्या दोन पोरांनी परवा माझ्या हातातला पुडा उघडून पाहिला आणि विचारले, काकू, हे अजून शिजायचे आहे का?