सोंग उतरवायचे कोणी?

पुणे-नाशिक महामार्गावर इंद्रायणीचा पूल लागला की मोशी मागे पडते आणि चाकणच्या कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता मोशीतूनच जातो. भाद्रपदात इथे गणपती विसर्जनाला निघतात. दहा दिवस जिच्यापुढे आरती म्हटली, त्या मूर्तीवर उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या आणि ती जागची जरा हलवली, की तिच्यातले देवपण निघून गेले असे आपण मानतो. मग उरते ती माती. असे म्हटल्याने मूर्तीचा अपमान होत नाही आणि श्रद्धेलाही धक्का बसत नाही. देव आणायचा कसा हे जितक्या बारकाईने सांगितले आहे, तितक्याच बारकाईने त्याला निरोप कसा द्यायचा हेही सांगून ठेवले आहे. मातीच्या बाबतीत आपण ही शिस्त पाळतो. जिवंत माणसाच्या अंगावर संत किंवा पतिव्रता आणली जाते, तेव्हा मात्र आवाहन तेवढे उत्साहाने होते आणि उत्तरपूजा कोणाच्या ध्यानातच राहत नाही. ती कोणी करायची, हा प्रश्न धर्माचाही आहे आणि नीतीचाही. तो मराठीत सर्वांत तीव्रपणे उभा राहतो अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आयुष्यात.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर, जन्म 1923 चा. ‘विजयाची लग्ने’ हा त्यांचा पहिला चित्रपट 1936 मध्ये आला तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. 1941 मध्ये प्रभातच्या ‘संत सखू’मध्ये त्या सखू झाल्या: सासुरवास सोसणारी, विठ्ठलाशिवाय दुसरे काही न मागणारी. सहाच वर्षांनी ‘लोकशाहीर रामजोशी’त त्याच बाई तमाशातली बया म्हणून फडावर उभ्या राहिल्या, आणि महाराष्ट्राने तेही डोक्यावर घेतले. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ हाही तमाशाचाच चित्रपट. पुण्यात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढे त्यांनी आपली कहाणी अरुण साधूंना सांगितली आणि 1970 मध्ये ती ‘सांगत्ये ऐका’ याच नावाने पुस्तकरूपात आली. लग्न करून घरात बसायची इच्छा, लग्नानंतरही घर चालवण्यासाठी तोंडाला लावावा लागलेला रंग, दारू, मराठवाड्यातल्या एका घरात पडद्याआड काढलेले दिवस, हे सगळे त्यांनी न सावरता सांगितले. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. अठ्ठेचाळीस वर्षांचे ते आयुष्य आणि पडद्यावरची सखू शेजारी ठेवून ‘काय हा विरोध’ म्हणणे फार सोपे आहे. माझ्या मते तिथे विरोध नाहीच. तो दिसतो, कारण सखूचे विसर्जन आपण केलेले नाही.

आपल्या भाषेत ‘सोंग’ या शब्दाला दोन तोंडे आहेत. ‘सोंग करतो’ म्हटले की माणूस खोटा ठरतो. भारुडातले सोंग मात्र रात्रभर जागून बघायचे. ज्ञानेश्वरांना हा दुसरा अर्थ पुरता ठाऊक होता. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात, ज्ञानी माणसाने कर्म कसे करावे हे सांगताना, ते बहुरूप्यांचा दाखला देतात: राजा-राणी झालेल्या बहुरूप्यांच्या मनात आपण पुरुष किंवा स्त्री असल्याचा भाव नसतो, पण लोकांपुढे जे वठवायचे ते चोख वठवतात. कर्मयोगासारखा विषय समजावताना नटाची उपमा घेणे साधे नाही. तिच्यात नटाबद्दल एक निवाडा दडलेला आहे: सोंग घेणारा खोटे बोलत नसतो, आणि घेतलेले सोंग म्हणजे तो स्वतः नव्हे. हा निवाडा मान्य केला तर हंसाबाई सखूमुळे पुण्यवान ठरत नाहीत आणि बयेमुळे बदनामही होत नाहीत. दोन्ही वेळा त्यांनी काम चोख केले, इतकेच म्हणता येते. आणि ते पुष्कळ आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, उपमा ज्ञानी माणसासाठी होती. तेराव्या वर्षी पोटासाठी स्टुडिओत गेलेल्या मुलीकडून असल्या अलिप्ततेची अपेक्षा कशी करायची? आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या बाजूनेच जातो. बहुरूपी गल्लीच्या टोकाला जाऊन तोंड धुतो. एकनाथांच्या भारुडात लुगडे नेसून नाचणारा गडी सकाळी औताला जुंपलेल्या बैलांमागे दिसतो. सोंग चढताना आणि उतरताना गाव बघत असते, म्हणजे उत्तरपूजा सगळ्यांदेखत होते. चित्रपटाने नेमके हे काढून घेतले. फितीवरची सखू म्हातारी होत नाही, घरी जात नाही, थकत नाही. मालिकांनी तर सोंग रोज संध्याकाळी दिवाणखान्यात आणून बसवले. पिंपरी-चिंचवडच्या दहीहंडीच्या मंचावर आलेल्या अभिनेत्रीला गर्दी मालिकेतल्या नावानेच हाक मारते. अशा वेळी अलिप्ततेची सगळी जबाबदारी नटीवर टाकणे अन्यायाचे आहे. तिच्याकडून उपमेतल्या ज्ञानी माणसाची अपेक्षा नको; ती बघणाऱ्याने स्वतःकडून करावी.

दुसरा आक्षेप भाविकांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. ते म्हणतील, नट आणि संत एक झाल्याशिवाय भक्ती उमलतच नाही; ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले म्हणून तर लोकांचे हात जोडले गेले. चित्रपटापुरते हे मला पूर्ण मान्य आहे. आवाहन हवेच. पण पागनिसांचे पुढे काय झाले ते पाहावे. ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट होते. 1936 नंतर अनेकांसाठी त्यांचाच चेहरा तुकोबांचा चेहरा झाला. त्या स्त्रीभूमिकांवरून त्यांचे चारित्र्य कोणी तपासले नाही. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघांचीही कामे केली, तेव्हाही कोणाला कोडे पडले नाही. पुरुषाच्या अंगावरून सोंग आपोआप गळते. त्यातले देवपण तेवढे त्याच्यापाशी राहिले तर राहते. बाईच्या अंगावरची सखू चित्रपटगृहातून बाहेर पडेपर्यंत पुसली जाते, बया मात्र तिच्याबरोबर घरी येते. भक्तीसाठी एकरूपता लागते असे म्हणणाऱ्याने ती एवढी निवडक का, याचे उत्तर द्यायला हवे. बहुतेकदा ते उत्तर भक्तीत सापडत नाही, जातीत आणि बाईच्या कमाईकडे बघण्याच्या नजरेत सापडते.

रसशास्त्रकार अभिनवगुप्तांनी नटाला ‘पात्र’ का म्हणतात याचा उलगडा करताना म्हटले आहे की, मद्याची चव भांड्याला कळत नाही; रस चाखणारा प्रेक्षक असतो. विचार देखणा आहे, पण मला तो अपुरा वाटतो. चव कळत नसेल, भांडे झिजते तरी की नाही? रोज चुलीवर चढणाऱ्या पातेल्याचा तळ काळा होतोच. रसाचा हिशोब मांडताना भांड्याची झीज कोणाच्या नावे लिहायची, हे रसशास्त्राने विचारले नाही. हंसाबाईंचे आत्मकथन हा मला त्या झिजेचा जमाखर्च वाटतो. तो कबुलीजबाब म्हणून वाचला जातो, हे आपल्या वाचण्याचे दुर्दैव.

सखूच्या कथेत मात्र ही जाण आहे. सासरच्यांनी सखूला खांबाला बांधले, तेव्हा विठ्ठल तिचे रूप घेऊन स्वतः बांधून घेतो आणि ती पंढरीला जाते. मग देव त्या घरात सुनेची कामे करतो, दळतो, पाणी भरतो. म्हणजे कथेतला सर्वांत मोठा नट देवच, आणि त्याने घेतलेली भूमिका राजाची नसून छळ सोसणाऱ्या सुनेची. जात्यातून पडलेले पीठ खरे होते, दोरीचे वळ खरे होते. खोटे काही असेल तर फक्त नाव. सोंगाची किंमत त्यात घातलेल्या कष्टावर ठरते, हे या कथेइतके स्पष्ट कुठल्या शास्त्राने सांगितलेले मला आढळले नाही. आणि खरी सखू परत आल्यावर देव ते रूप सोडून जातो. त्याला कोणी ‘तूच सखू’ म्हणून धरून ठेवत नाही.

हंसाबाईंच्या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी 1977 मध्ये ‘भूमिका’ हा चित्रपट केला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी, सोंगाशिवाय स्वतःच्या चेहऱ्याने घरोघरी ओळखीची झालेली ही मुलगी, दुसऱ्या एका नटीचे सोंग घेऊन उभी राहिली. आणि त्या नटीच्या अंगावर आधीचीच कितीतरी सोंगे होती. 13 डिसेंबर 1986 रोजी, एकतिसाव्या वर्षी, स्मिता गेल्या. तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांतल्या दुःखाबद्दल इतके लिहिले गेले आहे की, जणू ‘भूमिका’तली उषा, ‘उंबरठा’तली सुलभा आणि त्या स्वतः एकच होत्या. अक्षता अजून आपल्याच हातात आहेत.