आणखी पुरावा

आमचे खंडाळा बोरघाटातले नव्हे. खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे, सातारा जिल्ह्यातले. परगावी गेलो की एवढा खुलासा करावाच लागतो, आणि त्याचा मला कधी राग येत नाही. परवा शेजारचे अण्णा मात्र रागावून आले.

त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. शिकायला अमेरिकेत गेली. जावई तिथलाच नागरिक. बायकोला तिथे कायमचे राहता यावे म्हणून त्याने अर्ज केला, तर सरकारचे उलट पत्र आले : विवाह खरा असल्याचा आणखी पुरावा पाठवा. मुदत फार तर ८४ दिवसांची. ती वाढवून मिळत नाही, आणि द्यायचे ते सारे एकदमच द्यायचे.

"पाचशे पान जेवले, गुरुजी! आणखी कसला पुरावा?" असे म्हणत अण्णांनी एक टाइप केलेले प्रतिज्ञापत्र पुढे ठेवले. 'मी लग्नास आरंभापासून हजर होतो व उभयतांचा संसार जवळून पाहिला आहे.' खाली माझ्या सहीची जागा.

लग्न खरे, जोडपे खरे. खोटा होता तो तेवढा कागद. शाळा सुटल्यावर मी पोचलो, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. संसार तर सातासमुद्रापलीकडचा. कादंबरीत मी न झालेली लग्ने खुशाल लावतो. मग झालेल्या लग्नासाठी हात का अडावा? धर्मराजही एकदा अर्धसत्य बोललाच की! पण त्याचा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला.

मी तिथले नियम वाचून पाहिले. गोष्ट खरी असण्याचा संभव अधिक आहे, एवढे पटले तरी तिथे पुरते. चवाथे या आडनावाने ओळखला जाणारा २०१० सालचा एक निवाडा आहे. पुरावा किती, एवढेच नव्हे, तर तो कसा आहे हे पाहावे, असा त्याचा आशय. बँकेचे सामाईक खाते प्रेमावाचूनही उघडता येते. आणि आपल्या आजी-आजोबांपाशी लग्नाचा एकही कागद नव्हता. पण खोटी लग्ने लावणारेही असतात, आणि त्या अधिकाऱ्याला आमच्या मांडवात येता येत नाही. त्याने माझ्या डोळ्यांवर विसंबायचे, तर मी न पाहिलेले त्याला कसे दाखवू?

म्हणून पाहिले तेवढेच लिहिले. नवरदेव चालता न येणाऱ्या आजीपाशी ताट घेऊन जमिनीवर बसला होता. पुढे एका रविवारी अण्णांकडे चहा घेताना, फोनवर दोघांचे पोह्यांतल्या मिठावरून भांडण ऐकले.

"भांडण कशाला लिहिता, गुरुजी?"

"अण्णा, खोटे नवरा-बायको मिठावरून भांडतील कशाला?"

अण्णा हसले नाहीत. कागदाची घडी घालून निघून गेले.

ही दिवाळी मुलगी तिकडेच करणार. निकाल अजून यायचा आहे. तो उलटा लागला तर अण्णा मला बोल लावतील, आणि मलाही झोप येणार नाही. तरी पुन्हा विचारले, तर हेच लिहीन. याहून अधिक मी पाहिलेले नाही.