अन्न : दान की देणे?

बेंगळूरूच्या मारतहळ्ळीत परप्रांतीय मजूरही उंच इमारती उभारण्यास राबतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये मिळणारे माणशी ५ किलो धान्य त्यांना गावच्या शिधापत्रिकेवर येथेही मिळू शकते. परंतु कर्नाटकाने २०२३ साली दिलेली वाढ राज्याच्या शिधापत्रिकांपुरतीच होती. कोशाला सीमा असते, भुकेला नसते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्यबुद्धीने दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. परंतु ज्याच्या श्रमाने आपले घर उभे राहिले, त्याने परतफेड आधीच केलेली असते. साबणाची वडी घेतानाही तो कर भरतो. त्याला दिलेले अन्न दान कसे? ते आपले देणे होय. म्हणून अर्थसंकल्पातील अन्नाची तरतूद सद्गृहस्थाने उपकार न समजता ऋणफेड समजावी.