धडधाकटांचा हप्ता

विमा उतरवायचा तो तब्येत ठणठणीत असताना, आणि नेमका तेव्हाच त्याचा हप्ता जिवावर येतो. माणसाच्या या स्वभावाशी अमेरिकेतली राज्यं गेली तीस वर्षं झगडत आहेत.

वॉशिंग्टन राज्याने १९९३ साली दोन गोष्टी एकत्र कायद्यात घातल्या. जुना आजार आहे म्हणून कंपन्यांनी कुणाला विमा नाकारायचा नाही आणि प्रत्येकाने विमा घ्यायचा. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुसरी अट काढून टाकली. कंपन्यांवरचं बंधन बहुतांशी तसंच ठेवलं. मग आजार उद्भवला की विमा घ्यायचा, बरं वाटलं की सोडायचा, हेच शहाणपणाचं ठरू लागलं. कंपन्या तोट्यात गेल्या आणि १९९९ पर्यंत त्या राज्यात एकट्यादुकट्याला स्वतःहून विमा मिळणं जवळजवळ अशक्य झालं. दुखणाइतांच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याचा फटका दुखणाइतांनाच बसला.

मॅसॅच्युसेट्सने यातून धडा घेतला. १२ एप्रिल २००६ रोजी बोस्टनच्या फॅन्यूइल हॉलमध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी सक्तीच्या कायद्यावर सही केली, तेव्हा डेमोक्रॅट सिनेटर एडवर्ड केनेडी तिथे हजर होते. सक्तीची कल्पना हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने १९८९ मध्येच मांडली होती. १९८६ च्या कायद्यानुसार अत्यवस्थ रुग्णाला इस्पितळ परत पाठवू शकत नाही. मग विमा न घेणाऱ्याचं बिल शेवटी इतरांच्याच माथी येतं, असा त्या कल्पनेमागचा युक्तिवाद होता.

त्यावरचा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. गाडीचा विमा सक्तीचा असतो, पण ज्याला तो नको त्याने गाडी घेऊ नये. शरीराच्या बाबतीत अशी सोय नाही. केवळ जगतो म्हणून माणसाला खासगी कंपनीचं गिऱ्हाईक करणं ही साधी गोष्ट नव्हे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या देशव्यापी आरोग्यविमा कायद्यातली सक्ती राखली ती केवळ कर म्हणून. व्यापार नियमनाच्या अधिकाराखाली नव्हे.

म्हणूनच मला मॅसॅच्युसेट्सचा करअर्ज महत्त्वाचा वाटतो. विवरणपत्रासोबतच्या ‘शेड्यूल एचसी’वर विमा कोणकोणत्या महिन्यांत होता ते भरायचं. नसेल, तर दंडाआधी तक्ते पाहायचे : तुमचं वय, उत्पन्न आणि काउंटी लक्षात घेता विमा परवडण्याजोगा होता का? नसेल, तर दंड नाही. दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत उत्पन्न असणाऱ्यालाही दंड नाही. नागरिकाला जाब विचारण्याआधी राज्य इथे स्वतःला प्रश्न विचारतं.

२०१७ मध्ये काँग्रेसने केंद्राचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. तेव्हा न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंड यांनी आपापले कायदे केले. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घरांना हा कायदा जाणवतो तो नोकरी गेल्यावर. कंपनीचा विमा संपतो आणि तीन महिन्यांहून कमी खंड माफ असला, तरी पुढचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरायचा असतो.

केंद्राचा दंड गेल्यावर विम्याचा बाजार कोसळेल हे भाकीत मात्र खरं ठरलं नाही. हप्त्यासाठी मिळणाऱ्या सरकारी साहाय्यामुळे लोक टिकून राहिले. म्हणजे नुसत्या दंडुक्याने काम होत नाही. तरीही सक्ती निरर्थक म्हणता येत नाही. केंद्राचा दंड लागू असताना तो भरलेल्या सुमारे ४५ लाख कुटुंबांना करखात्याने विम्याची माहिती देणारी पत्रं पाठवायचं ठरवलं. निधी अपुरा पडल्याने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ३९ लाख कुटुंबं निवडली गेली. पुढे अभ्यासकांनी दोन्ही गट ताडून पाहिले. पत्र मिळालेल्यांत विमा घेणारे वाढले होते आणि ४५ ते ६४ वयोगटातले मृत्यू घटले होते. एका कागदाने माणसं वाचली.

माझं मत स्पष्ट आहे. धडधाकटांकडून हप्ता मागण्याचा हक्क राज्याला आहे, कारण आजचा धडधाकट उद्याचा रुग्ण असतो. पण हा हक्क राज्याला कमवावा लागतो : हप्ता परवडेल इतका खाली आणून, दंडाचा पैसा गरिबांच्या विम्यात घालून आणि प्रत्येक घरी ते पत्र वेळेवर पोचवून. यातलं काहीच न करता नुसता दंड वसूल करणारं राज्य आजाऱ्यांच्या नावाने गरिबांवर कर लादतं. त्या कराला विरोध करणं हे नागरिकाचं कर्तव्यच आहे.