रिंगला मुसकं

आमच्या कॉलेजच्या मागे बास्केटबॉलचं मैदान होतं, असं म्हणायची पद्धत होती. दोन लोखंडी खांब, उन्हानं तडकलेल्या दोन फळ्या, एका बाजूला झुकलेल्या दोन रिंगा. जाळी नव्हतीच. हिवाळ्यात त्या सिमेंटवर कुणाकुणाच्या घरची मिरची वाळत पडलेली असे. दोंडाईचा-नंदुरबारच्या पट्ट्यात सपाट, उन्हातली जागा मिरचीच्या नजरेतून सुटत नाही. नरडाण्याहून सकाळच्या गाडीनं येणारी आम्ही पोरं मिरची चुकवत चेंडू आपटायचो आणि त्याला प्रॅक्टिस म्हणायचो.

मग नवे सर आले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले, तासिका तत्त्वावर नेमलेले. पहिल्या दिवशी त्यांनी चेंडूला हात लावू दिला नाही. मैदान झाडून घेतलं आणि विचारलं, "बैलाचं मुसकं कोणाला विणता येतं?" खळ्यावर मळणी चालू असताना बैलानं दाण्यात तोंड घालू नये म्हणून दोरीचं जाळं त्याच्या तोंडाला बांधतात, ते मुसकं. आमच्यातल्या चौघांना येत होतं. संध्याकाळपर्यंत सुतळीची दोन मुसकी तयार झाली, खालून मोकळी ठेवलेली, आणि दोन्ही रिंगांना लटकली.

जाळी नसताना चेंडू रिंगमधून गेला की बाहेरून घसरला, यावर रोज भांडण व्हायचं. मोठा आवाज असलेला पोरगा जास्त गुण मिळवायचा. जाळी आली आणि वाद संपला. चेंडू आत गेला की जाळी हलायची, आवाज यायचा आणि तो खालीच पडायचा; पळत जाऊन गटारातून काढावा लागायचा नाही. 1891 च्या डिसेंबरात जेम्स नायस्मिथनं अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ रचला, तेव्हा पीचच्या टोपल्या बुडासकट टांगल्या होत्या. प्रत्येक वेळी चेंडू वरून काढावा लागे. टोपलीचं बूड निघालं तेव्हा खेळाला वेग आला. आमच्याकडे उलटं झालं. नुसती मोकळी रिंग होती, तिला जाळं मिळालं तेव्हा खेळाला शिस्त आली.

दिवाळी अंकांत यशोगाथा वाचायची आपल्याला सवय आहे. नवा प्रशिक्षक येतो, मरगळलेला संघ पेटून उठतो, शेवटच्या पानावर करंडक. अमेरिकेत तर कॉलेज बास्केटबॉलचा हा आख्खा धंदाच आहे. पण तिथलं सगळ्यात मोठं नाव घ्या. जॉन वुडन 1948 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं 1964 मध्ये. त्यानंतर 1975 पर्यंतच्या बारा हंगामांत दहा विजेतेपदं. सगळे त्या दहाचंच बोलतात. मला कुतूहल आहे ते आधीच्या पंधरा वर्षांचं. एवढी वर्षं मोठं विजेतेपद नसताना त्या माणसाला कुणी काढलं नाही, हे कसं? आणि तो काय शिकवत होता? हंगामाच्या पहिल्या दिवशी तो पोरांना मोजे कसे घालायचे ते दाखवायचा. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. आमच्या सरांची सुतळी आणि वुडनचे मोजे मला एकाच घरातले वाटतात.

आपल्याकडे उदाहरण शोधायला लांब जायला नको, नाशिक पुरे. खेळ वेगळा, धावण्याचा. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर वर्षानुवर्षं पोरं पळवली. त्यातूनच सावरपाड्याची कविता राऊत घडली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिला कांस्यपदक मिळालं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. सात वर्षांनी चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य घेऊन आली. एकीला चमत्कार म्हणता येईल. दुसरी आली की मैदानाकडे बघावं लागतं. तिथे एकच माणूस एकाच जागी टिकून होता.

टिकणं हाच शब्द आपल्या क्रीडा धोरणात सापडत नाही. कॉलेजातला शारीरिक शिक्षण संचालक म्हणजे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या खेळांचा एकच मालक. प्रवेशिका तोच भरतो, ओळखपत्रं तोच गोळा करतो, टीए-डीएची बिलंही तोच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पंधरा दिवसांवर आली की उंच पोरं शोधायला वर्गावर्गांत फिरतो. त्यातही जागा रिकामी असेल तर तासिकावाला. त्याचं मानधन तासावर, त्याला पुढच्या जूनची खात्री नाही. अशा माणसाकडून पाच वर्षांचा संघ मागणं म्हणजे करारानं केलेल्या वावरात आंब्याची झाडं लावायला सांगणं.

बास्केटबॉल निवडण्यात मात्र सरांचा हिशेब होता. "बारा पोरं शोधावी लागतील, पण मैदानात पाचच लागतात," ते म्हणायचे. पाचांतला एक सुधारला तर संघाचा पाचवा हिस्सा सुधारतो. लहान कॉलेजला हे परवडतं. मोठ्या गावांकडे उंची असते, आमच्याकडे सकाळची गाडी चुकू न देण्याची सवय होती. रोज एक तास, नुसते पास आणि पाय. एखादा आला नाही की सर ओरडत नसत. दुसऱ्या दिवशी आमच्याच अहिराणीत, जरा चुकीच्या हेलात, विचारायचे, "काल काबर उना नही रे भो?" आम्ही त्यांच्या अहिराणीला हसायचो. दांडी मारायची मात्र लाज वाटायला लागली होती.

पहिल्या वर्षी आम्ही पहिलाच सामना हरलो, तोही लाजिरवाणा. दुसऱ्या वर्षी एक फेरी काढली. तिसऱ्या वर्षी उपांत्य फेरीत गेलो आणि आमच्यातला एक विद्यापीठाच्या संघात निवडला गेला. ज्या कॉलेजात मैदानावर मिरची वाळायची, तिथे ही गोष्ट आठवडाभर कॅन्टीनमध्ये पुरली. आमचा उदय एवढाच.

चौथ्या वर्षी सरांची ऑर्डर निघाली नाही. ते गेले. पुढे आलेल्या माणसाला व्हॉलीबॉल आवडायचा, त्यात त्याची चूक नाही. संघ मोडायला कुणाला काही वाईट करावं लागलं नाही, नुसता तो तास बंद पडला.

मागच्या वर्षी त्या बाजूनं जाणं झालं. रिंग गंजली आहे. एका बाजूच्या मुसक्याची दोन पदर अजून लोंबतायत, सुतळी काळी पडली आहे. खाली सिमेंटवर मिरची पसरलेली होती. राखण करणाऱ्या पोराला मी विचारलं, "हे वर काय बांधलंय रे?" त्यानं मान वर करून पाहिलं.

"मुसकं शे ना," तो म्हणाला. "पण इथं बैल कुठे?"