गुनाह कुणाला लागतो?

जून 2020 मधली गोष्ट. शाळा बंद होत्या. आमच्या उर्दू शाळेतली मुले घरोघरी एकेका मोबाइलभोवती बसून शिकत होती. निदान हजेरीपटावर तरी आम्ही तसे लिहीत होतो. लूम बंद, मजुरी बंद, अशा घरांतही कुणी हप्त्यावर, कुणी उसनवारीने मोबाइल घेतला होता तो शिक्षणासाठी. सकाळी त्यावर आमचा धडा चाले आणि दुपारनंतर पब्जी. अशाच एका दुपारी नववीतल्या एका मुलाचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"सर, खालू कुवेत में हैं, उन्होंने अब्बा को मेसेज भेजा है. गेम में आदमी बुत के सामने झुकता है. मैंने भी झुकाया था. सर, इसमें गुनाह किसको लगेगा? मेरेको या उसको?"

'उसको' म्हणजे पडद्यावरच्या त्या माणसाला.

प्रकार खरा होता. त्या महिन्यात पब्जी मोबाइलमध्ये 'मिस्टीरियस जंगल' नावाचा नवा भाग आला होता. जंगलात काही स्तंभ उभे होते. खेळाडूने आपला माणूस त्यांच्यापुढे नेऊन आराधनेची मुद्रा करायला लावली की त्याला शक्ती मिळे. कुवेतमध्ये आणि इतर अरब देशांत ओरड झाली. कंपनीने माफी मागितली आणि ती मुद्रा काढून टाकली. आमच्या गावातही त्या आठवड्यात हाच विषय होता. पालकांचे फोन, मशिदीच्या गटावर संदेश, 'आपल्या मुलांचे ईमान वाचवा' असे इशारे.

आम्ही त्या मुलाला तडकाफडकी सांगून टाकले, "तौबा कर आणि गेम काढून टाक." शिक्षकाला उत्तर सुचले नाही की तो आज्ञा देतो. बी.एड.ला असताना आम्हांला शिकवले होते की मुलाचा प्रश्न हीच शिक्षणाची सुरुवात. तो प्रश्न समोर आला तेव्हा आम्ही तो फोनसह खाली ठेवला.

पण प्रश्न गेला नाही. कारण तोच मुलगा, तोच खेळ, त्याआधी दीड वर्ष चालू होता. त्यात शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, हत्यारे शोधतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. आमच्या वर्गातल्या मुलांनी मिळून किती माणसे मारली असतील याचा हिशेब कोणताही मुन्शी ठेवू शकणार नाही. त्या दीड वर्षात एकाही मुलाने, एकाही पालकाने, कुणा मौलानांनी किंवा आम्ही स्वतः विचारले नव्हते की या खुनांचा गुनाह कुणाला लागतो? स्तंभापुढे एकदा हात उंचावले आणि सगळे हादरलो. नव्व्याण्णव जण मेले तेव्हा आम्ही फक्त विचारत होतो, "अभ्यास झाला का?"

बटण दाबून केलेला सजदा हा सजदा असेल तर बटण दाबून केलेला खून हाही खून. आणि तो खून नसेल, तर हा सजदाही नाही. यातून सुटायला वाट दिसत नाही. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "फरक आहे. शिर्कची थट्टाही चालत नाही." त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. पण जीव घेण्याची थट्टा मग का चालते, यावर ते गप्प झाले.

खेळाला आपल्या परंपरेत जागाच नाही असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. हजरत आयशा (र.) बाहुल्यांशी खेळत. त्यांच्या खेळण्यांत पंखांचा एक घोडा होता आणि पैगंबर (स.) तो पाहून हसले, ही हदीस आमच्या वर्गातली लहान मुलेही आवडीने ऐकतात. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिद-ए-नबवीत भाल्यांचा खेळ करीत होते. भाला हे हत्यारच. पण त्या दिवशी तो कुणाला लागण्यासाठी नव्हता.

बुद्धिबळावर तर फुकहांनी शतकानुशतके वाद घातला आहे. हनफी मसलक कडक आहे. आम्ही कोकणी, शाफई. आमच्याकडे ते मकरूह मानले गेले, पण हराम नव्हे, आणि तेही अटींवर: पैसा लावू नये, नमाज चुकू नये, तोंडातून घाणेरडा शब्द निघू नये. या तीन अटी आम्ही पूर्वी नुसत्या पाठ केल्या होत्या. त्या मुलाच्या फोननंतर त्या आम्हांला नव्याने दिसल्या. पटावर हत्ती मरतो, वजीर मरतो, प्यादी तर ढिगाने मरतात. कॅरममध्ये आणि लुडोतही आपण 'मारली' असेच म्हणतो. त्या मरणाविषयी अटींत एक शब्दही नाही. तिन्ही अटी पटाबाहेरच्या आहेत: माणसाच्या खिशाच्या, वेळेच्या आणि जिभेच्या.

प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी' या कथेत मिर्झा आणि मीर यांना लखनौचे राज्य गेल्याचे दुःख होत नाही. पटावरच्या वादातून मात्र ते तलवारी उपसतात आणि दोघेही मरतात. सत्यजित राय यांनी 1977 च्या चित्रपटात त्यांना जिवंत ठेवले. आम्हांला प्रेमचंदांचा शेवट जास्त खरा वाटतो. लाकडी वजिराने कुणाचा जीव घेतला नाही. जीव घेतला तो तोंडातून गेलेल्या शब्दाने.

इथे आणखी एक गोष्ट आठवते. निकाह आणि तलाक थट्टेत उच्चारले तरी ते गंभीरच धरले जातात, असे हदीसमध्ये आले आहे. इतर किती तरी बाबतींत नियत पाहिली जाते; सहीह बुखारीची सुरुवातच नियतीच्या हदीसने होते. मग इथेच 'मी गंमत करीत होतो' ही सबब का चालत नाही? आम्ही आलिम नाही, हा फतवा नव्हे. पण आम्हांला असे वाटते की या शब्दांच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत माणूस उभा असतो. बोलणाऱ्याच्या मनात गंमत असेल. जिच्यावर तो शब्द पडतो तिच्यासाठी गंमत नसते.

हीच कसोटी मोबाइलवरच्या खेळाला लावून पाहिली तेव्हा चित्र उलटे झाले. गोळी लागते ती रंगांच्या ठिपक्यांना. पण कानाला लावलेल्या यंत्रातून जी शिवी जाते ती नाशिकच्या, नांदेडच्या किंवा लाहोरच्या एका खऱ्या मुलाच्या कानात पडते. त्याच्या आईचा उद्धार होतो, धर्म काढला जातो. गोळी खोटी आणि शिवी खरी. आमच्या वर्गातल्या दोन मुली हा खेळ उत्तम खेळत, पण माइक कायम बंद ठेवून. आवाज मुलीचा आहे हे कळले की पुढे काय ऐकावे लागते ते त्यांनी आम्हांला सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

आमचे हात धुतलेले आहेत असे कुणी समजू नये. 2006 साली आम्ही अकरावीत होतो. भिवंडीत एका गल्लीतल्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन 'काउंटर-स्ट्राइक' खेळायचो. त्यात दोन बाजू: दहशतवादी आणि त्यांना रोखणारे पोलीस. दहशतवादी बाजूने बॉम्ब लावायचा. डाव जिंकला की संगणकातून खणखणीत आवाज येई, "टेररिस्ट्स विन!" आम्ही दहा जण ओरडायचो, "बॉम्ब मेरे पास है! कव्हर दे!" 11 जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. चार दिवसांनी आम्ही पुन्हा खेळायला गेलो, कारण त्या वयात माणूस जातोच. कॅफेच्या मालकाने शटर अर्धे खाली ओढले, सगळ्या संगणकांचे आवाज बंद केले आणि हात जोडून म्हणाला, "बच्चों, वो लफ्ज मत बोलो." त्या दिवसापासून आमच्यापैकी कुणी दहशतवाद्यांच्या बाजूने खेळायला तयार होईना. पोलीस होण्यासाठी भांडणे होऊ लागली. दुसऱ्या वस्तीतली मुले तोच खेळ खेळत होती, तेच ओरडत होती. त्यांचा खेळ खेळच होता. आमचा खेळ शटरबाहेर गेला की पुरावा झाला असता.

म्हणून 'हा तर नुसता खेळ आहे' असे कुणी म्हटले की आम्ही थबकतो. खेळात सोंग घेण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते.

अमेरिकेच्या सैन्याने 4 जुलै 2002 रोजी 'अमेरिकाज आर्मी' हा खेळ फुकट वाटला. उद्देश भरतीचा होता. 2022 मध्ये तो बंद झाला. त्याची रचना विचार करण्यासारखी होती. दोन तुकड्या एकमेकींविरुद्ध लढत, पण कोणत्याही तुकडीत असा, तुमच्या पडद्यावर तुम्ही आणि तुमचे साथीदार अमेरिकी सैनिकच दिसत आणि समोरचे शत्रू. समोरच्याच्या पडद्यावर तो अमेरिकी सैनिक आणि तुम्ही शत्रू. शत्रू होऊन खेळण्याची सोयच नव्हती. जगातल्या सगळ्या युद्धांचे याहून प्रामाणिक वर्णन आम्ही वाचलेले नाही, आणि ते करणाऱ्यांना ते आपण केले हे कळलेही नसावे. त्याच सुमारास दमास्कसमधून पहिल्या इंतिफादावर 'तहत अर्-रमाद' हा खेळ निघाला. त्यात खेळाडू फिलिस्तीनी तरुण असतो. निःशस्त्र नागरिकाला मारले की डाव तिथेच संपे. आपली बाजू बदलली म्हणून हत्यार बदलत नाही, हे खरे. पण निदान एक दार तरी बंद ठेवले होते.

पोलंडच्या एका कंपनीने 2014 मध्ये 'धिस वॉर ऑफ माइन' काढला, सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात तुम्ही सैनिक नसता. पडक्या घरात लपलेली, उपाशी, आजारी माणसे असता. एका म्हाताऱ्या जोडप्याचे अन्न चोरले तर तुमची माणसे खिन्न होतात, काम करीनाशी होतात. हा खेळ 2020 मध्ये पोलंडने शाळांच्या वाचनयादीत घेतला. आमच्या शाळेत तो लावावा असे सुचवण्याचे धाडस आमच्यात नाही. पण पडद्यावरचे दुःख तिथे खेळणाऱ्याला चिकटते, हे आम्ही स्वतः खेळून पाहिले आहे. त्या रात्री आम्ही जेवलो नाही. बेगम विचारीत राहिली.

आता आपल्याकडचे पाहा. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने पब्जीवर बंदी घातली. कारण खुनाचे नव्हते, माहिती चीनकडे जाण्याचे होते. 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला. रक्त हिरवे झाले. 'किल'च्या जागी 'फिनिश' आले. जणू शब्द बदलला की अमल बदलतो! आणि त्याच खेळात 'क्रेट' नावाची पेटी मिळते. खरे पैसे भरा, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवले. इस्लामपूर्व अरबस्तानात बाण काढून उंटाच्या मांसाचे वाटे ठरवीत, तो मैसिर. कुराणने तो वर्ज्य केला. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या संसदेने पैशावर खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, तेव्हा आपल्या मोहल्ल्यात समाधान व्यक्त झाले. पण वडिलांच्या खात्यातून अकराशे रुपये पेटीत घालणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याला कुणी मैसिरची आठवण दिली नाही. स्तंभ दिसला, पेटी दिसली नाही.

मुले हा खेळ मारण्यासाठी खेळतात असे समजून आम्ही बरीच वर्षे त्यांना बोल लावला. विचारू लागलो तेव्हा कळले की प्रत्येकाची आवड वेगळी. रिचर्ड बार्टल या इंग्रज संशोधकाने 1996 मध्येच खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते: कुणाला कमाई हवी, कुणाला शोध, कुणाला सोबत, कुणाला दुसऱ्यावर कुरघोडी. आमच्या एका मुलाने त्या बेटावर कधी कुणाला मारले नव्हते. तो जीप घेऊन समुद्राकाठी फिरायचा आणि कुणीतरी येऊन त्याला मारीपर्यंत फिरत राहायचा. त्याच्या घरात सात माणसे आणि एक खोली होती.

फोन करणारा तो मुलगा आता महाविद्यालयात आहे. परवा भेटला. खेळ काढला नव्हता, हे त्याने स्वतःच सांगितले. त्या खेळात त्याने आपले नाव वाघाचे ठेवले आहे. खरे नाव कळले की काही जण खेळ सोडून दुसरेच बोलू लागतात, म्हणून. साताऱ्याकडचा एक मुलगा दोन वर्षे त्याचा जोडीदार आहे. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नाही. एका रात्री माइकमधून इशाची अजान तिकडे ऐकू गेली. चौघांच्या तुकडीतला एक जण शिवी देऊन निघून गेला. दुसरा काही बोलला नाही. साताऱ्याचा म्हणाला, "तू जाऊन ये. तुझा माणूस घरात लपव, मी दाराशी थांबतो."

"मग?" आम्ही विचारले.

"गया था, सर. नमाज जल्दी जल्दी पढी," तो ओशाळून म्हणाला. "वापस आया तो दोनों मर चुके थे."